राणीच्या सहीचं पान लॅमिनेट करून घेऊ का?

प्रश्न असा आलाय: "पणजोबांच्या ट्रंकेत एक इंग्रजी पुस्तक सापडलं. आतल्या कोऱ्या पानावर शाईनं 'डिअर जॉर्जी'ला ग्रँडमामाकडून भेट असं लिहिलंय, खाली व्ही.आर.आय. आणि तारीख ३ जून १८८१. घरचे म्हणतात, व्हिक्टोरिया राणीनं नौदलातल्या नातवाला दिलेलं पुस्तक आहे. खरं असेल का? किंमत किती येईल? पान कडेनं तुटायला लागलंय, लॅमिनेट करून घेऊ का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाला असाल तर अर्ध्या वाटेतून परत फिरा. खरं-खोटं आणि किंमत यांना घाई नाही. एकशेचाळीस वर्षं थांबलेलं पान अजून आठवडाभर थांबेल.

आता जॉर्जी. नातवंडं पुष्कळ होती, पण जॉर्जी म्हणजे पुढचा पंचम जॉर्ज, आणि ३ जून हा त्याचा वाढदिवस. जन्म १८६५, म्हणजे तुमच्या तारखेला सोळावं पूर्ण. बाराव्या वर्षी, १८७७ मध्ये, तो थोरल्या भावाबरोबर डार्टमथला 'ब्रिटानिया' जहाजावर शिकायला गेला आणि १८७९ ते १८८२ 'बॅकांटी' जहाजाच्या सफरीवर होता. तुमच्या तारखेच्या सुमारास स्वारी पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात. तेव्हा आजीनं वाढदिवसाच्या दिवशी पुस्तक हातात ठेवलं असं काही झालेलं नाही. टपालानं पाठवलं असेल, किंवा तारीख टाकून परत येईपर्यंत ठेवून दिलं असेल. हे अशक्य नाही. पण वाढदिवसाची तारीख बरोबर आहे म्हणून हुरळून जाऊ नका. ती कुठल्याही पंचांगछाप इंग्रजी पुस्तकात मिळते, आणि खोटं लिहिणारा माणूस निदान तेवढा अभ्यास करून बसतो. १८८१ मध्ये हा पोरगा राजा होईल असं कोणाच्या मनातही नव्हतं, थोरला होता ना. थोरला वारला १८९२ मध्ये. म्हणून मजकुरात कुठे 'भावी राजा' असला वास येत असेल तर ते पान सरळ खोटं समजा.

व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, व्हिक्टोरिया राणी, आणि 'आय' म्हणजे इम्पेराट्रिक्स, सम्राज्ञी. हा किताब देणारा कायदा १८७६ चा, दिल्ली दरबारातली घोषणा १ जानेवारी १८७७ ची. त्याआधीच्या तारखेखाली हा 'आय' दिसला तर पुढे बघायचं कारणच नाही. तुमची तारीख यात बसते.

यापुढचं मी लिहितोय ते तुमच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त, हे आधीच कबूल करतो. कारण आमच्या घरीही असंच एक पान आहे. 'आहे' म्हणायचं एवढंच.

आम्ही गिरगावातले. दोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी. आजोबांना, म्हणजे तात्यांना, जुनी पुस्तकं घ्यायचा नाद. त्यात निळ्या कापडी बांधणीचं टेनिसनच्या कवितांचं एक पुस्तक होतं. तात्यांना टेनिसन कितपत कळत असेल देव जाणे, पण ते पुस्तक ट्रंकेत धोतराच्या घडीत असायचं आणि गणपतीत बाहेर निघायचं. दर्शनाला आलेल्या पाहुण्याला प्रसाद, चहा आणि 'राणीचं पुस्तक', असा क्रम. पहिल्या पानावर लिहिलं होतं, प्रिय लुईला, प्रेमळ ग्रँडमामाकडून, व्ही.आर.आय., नाताळ, आणि साल. पाहुणे विचारायचे, लुई कोण? तात्या ऐटीत सांगायचे, "आपला माउंटबॅटन!" फाळणी करून गेलेला माणूस आमच्या चाळीत 'आपला' झाला तो असा.

मी नववीत असताना तात्यांना सांगितलं की हे जमत नाही. माउंटबॅटन जन्मला जून १९०० मध्ये आणि राणी गेली जानेवारी १९०१ मध्ये. पणतवाला तिनं बारशाला हातात घेतलं असेल, पण सात महिन्यांच्या बाळाला टेनिसन कोण देतं? शिवाय घरात त्याला लुई म्हणत नव्हते, डिकी म्हणायचे. तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मग बाप असेल त्याचा." आणि गंमत म्हणजे तात्या जवळपास बरोबर होते.

बाप म्हणजे बॅटनबर्गचा प्रिन्स लुई. जन्म १८५४ चा, मूळ जर्मन घराण्यातला, चौदाव्या वर्षी, १८६८ मध्ये, इंग्रजांच्या नौदलात आला. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सबरोबर 'सेरापिस' जहाजावरून आपल्या मुंबईतही उतरून गेला होता, ८ नोव्हेंबरला. चित्रं बरी काढायचा, त्या दौऱ्यातली त्याची रेखाटनं लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आली. ३० एप्रिल १८८४ ला त्याचं लग्न राणीच्या नातीशी झालं, तिचं नावही व्हिक्टोरियाच. म्हणजे राणी त्याची आजेसासू झाली. त्यानंतर तिनं 'ग्रँडमामा' म्हणून सही करणं साहजिक होतं. त्याआधी नाही. पुढे हाच लुई नौदलाच्या सर्वोच्च पदावर पोचला आणि १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर केवळ जन्मानं जर्मन म्हणून त्याला राजीनामा द्यावा लागला. बॅटनबर्गचं माउंटबॅटन झालं ते १९१७ मध्ये.

तर आमच्या पानाचा सगळा जीव त्या सालात. सत्याऐंशी असेल तर सगळं जुळतं: लग्न होऊन तीन वर्षं झालीत, लुई तेहतिशीचा, नौदलात कमांडर. अठ्ठ्याहत्तर असेल तर पान खोटं, कारण तेव्हा ती त्याची कोणीच आजी नव्हती.

मला सत्याऐंशी आठवतं. नुसतं आठवत नाही, कारणासकट आठवतं. तात्या पाहुण्यांना सांगायचे, "आपलं व्हीटी आणि हे पुस्तक एका सालचं." व्हीटीला राणीचं नाव मिळालं ते तिच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात, १८८७ मध्ये. माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या जुन्या नावातला ज्युबिलीही तोच. हे वाक्य मी निदान दहा गणपतींत ऐकलंय. माझा थोरला चुलत भाऊ, दादा, म्हणतो अठ्ठ्याहत्तर. कशावरून? "मला आठवतं." बस.

आता पान काढून बघावं ना, असं तुम्ही म्हणाल. तीच तर गोम आहे.

२००३ मध्ये चाळीतली खोली विकली. मी तेव्हा कोकणात बदलीवर, मार्चअखेर, बँकेत श्वास घ्यायला वेळ नव्हता. खोली दादानं एकट्यानं रिकामी केली, त्याचे कष्ट मी नाकारत नाही. मी आठवड्यानं डोंबिवलीला त्याच्या घरी गेलो तर वहिनींनी चहाबरोबर एक चकचकीत कार्ड माझ्या हातात दिलं. "बघा भाऊजी, यांनी किती छान करून आणलंय." राणीचं पान. कडा सरळ कापलेल्या, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक, कोपरे गोल. दादानं ब्लेडनं पान कापलं होतं, वर बुरशीचे ठिपके होते म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं होतं आणि स्टेशनाजवळच्या दुकानात तीस रुपयांत गरम रोलरमधून काढून आणलं होतं. मजकूर तसा वाचता येत होता. साल मात्र '१८' पर्यंत शाबूत आणि पुढे निळसर ढग. त्या ढगात एक गोल आहे आणि एक तिरकी रेघ आहे. कुठलं आधी, कुठलं नंतर, ते ब्रह्मदेवाला विचारा.

मी विचारलं, "पुस्तक कुठाय?"

दादा म्हणाला, "रद्दीत दिलं. कसर लागली होती. मेन पान काढून घेतलंय ना!"

मेन पान! हा शब्द मला वीस वर्षं टोचतोय. अहो, मेन पान ते नव्हतंच. मेन पान त्याच्या पुढचं होतं, शीर्षकपान, ज्यावर छपाईचं साल असतं. पुस्तक १८८४ मध्ये छापलेलं असेल तर १८७८ च्या नाताळात ते कोणी कोणाला भेट देऊ शकत नाही, वाद तिथेच मिटला असता. सही खोटी करता येते, शीर्षकपान कोण छापत बसतो? ते गेलं किलोच्या भावानं. रद्दीवाल्याकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो होतो. टेम्पो आदल्या संध्याकाळी गेला होता.

तुमच्याकडे पुस्तक अख्खं आहे. पान त्यातच राहू द्या. कडेनं तुटतंय तर तुटू दे, तुकडा पडला तर पाकिटात घालून पुस्तकातच ठेवा. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पुढे पिवळा पडून कागदात उतरतो. बाइंडरकडे तर मुळीच नको. आपल्याकडचे बाइंडर कोरं पान दिसलं की ते पुठ्ठ्यावर चिकटवून मोकळे होतात, आणि तीन बाजू कटिंग मशीनखाली सरळ करून देतात, वर शाबासकीची अपेक्षा.

लॅमिनेशनवर दादाचा एक ठेवणीतला युक्तिवाद आहे, तो तुम्हालाही कोणी ऐकवेल. "दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातसुद्धा कागद लॅमिनेट करतात." करायचे, खरंय. पण कसं? कागदाच्या दोन्ही अंगांना सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म, त्यावर टिश्यू कागद, आणि वरून अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवायचा. हातानं, उष्णता न देता. तीच फिल्म पुन्हा अ‍ॅसिटोननं सोडवता यावी हा त्यातला हिशोब, आणि तरीही जगभरच्या जाणकारांनी नंतर त्यापासून हात आखडता घेतला. स्टेशनाजवळच्या रोलरमध्ये शंभर अंशांच्या वर तापलेला चिकट थर कागदाच्या तंतूंत घुसतो, तो बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. आतला ओलावा आत, आम्ल आत, बुरशी आत. दादानं राणीला खिचडीसारखं कुकरमध्ये बंद केलं, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

सही खरी की खोटी, याबद्दल थोडं बोलायचा मला हक्क आहे. राजघराण्याच्या कागदपत्रांचा मी तज्ज्ञ नव्हे. पण एकतीस वर्षं बँकेत चेकवरची सही नमुना सहीच्या कार्डाशी ताडून बघण्यात गेली. त्यातून एक शिकलो: हुबेहूब जुळणारी सही संशयास्पद. खरा माणूस कधी दोनदा सारखी सही करत नाही. खोटी सही करणारा अक्षर लिहीत नाही, काढतो. रेघेचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, वळणावर बारीक थरथर, आणि भलत्याच ठिकाणी पेन उचललेलं. शाईत बुडवायच्या टाकानं खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक होते, जोर दिला की निबेच्या दोन टोकांच्या दोन कडा भिंगातून दिसतात. छापील प्रतिकृती असेल तर शाई सगळीकडे सारखी आणि कागदात न मुरलेली. दहापट भिंग घ्या, चष्म्याच्या दुकानात मिळतं, आणि खिडकीशी बसा.

व्हिक्टोरियाचं अक्षर उतारवयात वाचायला महाकठीण, वाटेल तिथे शब्दांखाली रेघा. मोतीबिंदूमुळे शेवटच्या वर्षांत तिला नीट दिसतही नव्हतं, मग धाकटी मुलगी बिअ‍ॅट्रिस लेखनिकाचं काम करायची. म्हणून सुवाच्य अक्षरातला मजकूर आणि खाली फक्त सही वेगळी, असं दिसलं तर लगेच खोटं म्हणू नका. तुमच्या १८८१ ला मात्र बाई बासष्टीची होती आणि स्वतः भरपूर लिहीत होती, तेव्हा मजकूर आणि सही एकाच हातची असावी अशी माझी अपेक्षा राहील. ती बिअ‍ॅट्रिस, जाता जाता सांगतो, आमच्या लुईच्या सख्ख्या भावाची बायको. आईच्या मृत्यूनंतर तिनं आईच्या रोजनिश्या स्वतःच्या अक्षरात उतरवून काढल्या, १११ खंड, नको तो मजकूर गाळून, आणि मूळ वह्या जाळल्या. जपणूक म्हणूनच! दादा, तू पहिला नाहीस.

किंमत मी सांगणार नाही. राणीनं सही करून दिलेल्या पुस्तकांचं तसं दुर्भिक्ष नाही, बाईनं नातेवाइकांना आणि नोकरचाकरांना खूप वाटलं. भाव ठरतो तो घेणाऱ्याच्या नावावर आणि पुस्तक तिथून तुमच्या ट्रंकेत कसं आलं या साखळीवर. पणजोबा काय करत होते? गोदीत होते, बंदरावर होते, कोणा साहेबाकडे होते? घरात अजून कोणी जुनं माणूस असेल तर आज विचारा आणि त्यांच्या शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. आमच्याकडे यातही दोन कथा. दादा सांगतो, गोरे परत जाताना एका नौदल अधिकाऱ्यानं तात्यांना भेट दिलं. प्लास्टिकमधून पानाची मागची बाजू बघितली की कोपऱ्यात पेन्सिलीनं '८ आणे' लिहिलेलं अजून दिसतं. भेटवस्तूवर कोणी भाव लिहीत नाही. तात्यांनी ते फुटपाथवर विकत घेतलं होतं. आणि हो, आठ आण्याला विकणाऱ्याचा त्या सहीवर विश्वास नव्हता, किंवा त्यानं ती बघितलीच नव्हती, हेही त्यातून निघतं. मला आवडत नसलं तरी निघतं.

लंडनच्या लिलावाला पाठवायचा विचार असेल तर जरा थांबा. १९७२ चा पुरावस्तू कायदा ७५ वर्षांपेक्षा जुन्या, ऐतिहासिक मोल असलेल्या हस्तलिखितांनाही लागतो आणि परवान्याशिवाय बाहेर नेणं गुन्हा आहे. छापील पुस्तकावरच्या चार ओळी हस्तलिखित ठरतात का, हे पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा, माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाला नको. कागद दुरुस्त करायचाच असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. त्या इमारतीचा पाया १९०५ मध्ये तुमच्या जॉर्जीनंच घातला होता, तेव्हा तुम्ही गेलात तर शोभूनही दिसेल.

आता एक गोष्ट टाळत होतो ती लिहितो, नाहीतर दादा खाली प्रतिक्रियेत लिहीलच. त्याचं म्हणणं, जुन्या काळची खरी शाई ओल्या फडक्यानं पसरलीच नसती, म्हणून पान खोटंच होतं आणि त्यानं काही घालवलं नाही. लोहयुक्त काळी शाई पाण्याला बऱ्यापैकी टिकते, हे बरोबर. पण कोळशाच्या डांबरापासून केलेले रंग १८५६ नंतर आले, त्यांच्या लिहायच्या शाया व्हिक्टोरियाच्या काळातच निघाल्या, आणि त्या पाण्यानं पसरतात. आमची शाई निळसर होती. यातून पान खरं ठरत नाही, खोटंही ठरत नाही. आणि नववीतल्या मुलानं बघितलेलं साल चाळीस वर्षांनी शपथेवर सांगू नये हे मलाही कळतं. बँकेत माझ्यासमोर कोणी असा पुरावा आणला असता तर मी चेक परत पाठवला असता.

दादाशी बोलणं चालू आहे, गैरसमज नको. पान त्याच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर आहे, गणपतीत अजून पाहुण्यांना दाखवतात. वहिनी आता "लॉर्ड माउंटबॅटनचं" असंच सांगतात, मी बोलत नाही.

तुम्ही एक करा. इथे सहीचा फोटो टाकू नका, त्याच्यावर उद्या पन्नास तज्ज्ञ उगवतील. पुस्तकाचं शीर्षकपान उघडा, खालच्या बाजूला बघा, आणि छपाईचं साल काय आहे तेवढं मला कळवा.